हौसेला मोल असतं

मराठीत एक म्हण आहे, ‘हौसेला मोल नाही.’ तिचा अर्थ सरळ आहे. एखाद्या गोष्टीची हौस असली की माणूस किंमत बघत नाही. पैठणी घेतो, लग्नात घोडा आणतो, वेळ पडली तर कर्ज काढतो. म्हणजे ही म्हण मुळात खर्च करणाऱ्याबद्दल आहे. पण मी ती नेमकी उलटी वापरलेली ऐकते. हौस चिकटवायची बनवणाऱ्याला, आणि ‘मोल नाही’ म्हणजे ‘पैसे द्यायचं कारण नाही’ असं समजायचं. ‘तुला काय, हौसच आहे!’ हे वाक्य माझ्याकडे जवळजवळ नेहमी मी किंमत सांगितल्यानंतर येतं. आधी कधीच येत नाही.

मी कागदाच्या वस्तू करते. उघडल्यावर आतून घर किंवा झाड उभं राहतं अशी कार्डं, फराळाचे आणि चॉकलेटचे बॉक्स, गणपतीत मखर, दिवाळीत कंदील, डिसेंबरात चांदण्या. डोंबिवलीत राहते, कागद आणायला क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूला अब्दुल रहमान स्ट्रीटवर जाते, आणि घरखर्चाचा अर्धा वाटा या कामातून उचलते. तर माझं म्हणणं एवढंच आहे की ‘हौस’ हा शब्द आपण पैसे बुडवायला वापरतो आणि तो तसा वापरणं आता बंद व्हायला हवं.

आधी हिशोब मांडते, कारण या विषयावर भावनेने बोलणारे खूप आहेत, आकडे कुणी सांगत नाही. गेल्या दिवाळीत मला चाळीस फराळ बॉक्सची विचारणा झाली. एका बॉक्सला कार्डपेपर, आतला बटरपेपर, डिंक, रिबन धरून १८ रुपयांचा माल लागत होता. कापणं, घडीच्या रेघा दाबणं, चिकटवणं आणि वरची पणती बसवणं मिळून २२ मिनिटं. मी सांगितले ७० रुपये. समोरून आलं, ‘तीसला करा ना, कागदच तर आहे.’ चाळीस बॉक्सचे होतात ८८० मिनिटं, म्हणजे पावणेपंधरा तास. सत्तरच्या भावात माल वजा जाता तासाला साधारण १४० रुपये सुटतात. तीसच्या भावात सुटतात ३३. यात नमुन्याचे फुकट गेलेले चार बॉक्स, लोकलचं तिकीट आणि कागद आणायला गेलेला दिवस धरलेलाच नाही. तासाला ३३ रुपयांत काम करणाऱ्या बाईला हौशी म्हणायचं का, हे तुम्हीच ठरवा.

‘कागदच तर आहे’ हे वाक्यही तपासून बघू. अर्धा किलो लाडू कागदात ठेवून कडीला धरून उचलून बघा. तळाच्या पाकळ्या एकमेकींत नीट अडकलेल्या नसतील तर लाडू जिन्यावर पोचतात. चकलीचं तेल कागदात उतरतं, म्हणून आत वेगळं अस्तर लागतं. झाकण बॉक्सच्या मापाचंच कापलं तर बसत नाही, कागदाला जाडी असते. ते दोनेक मिलिमीटर मोठं ठेवावं लागतं, आणि जास्त मोठं ठेवलं तर उचलताना हातात फक्त झाकण येतं. जाड कागदातले तंतू बहुतेक एका दिशेने पडलेले असतात. त्या दिशेने घडी घातली तर ती स्वच्छ बसते, आडवी घातली तर कागद फाकतो आणि रंग तडकतो. म्हणून घडीच्या जागी आधी संपलेल्या बॉलपेनने रेघ दाबून घ्यायची. हे सगळं कागद बघताच कळायला लागेपर्यंत रद्दीचे बरेच गठ्ठे गेलेले असतात, आणि ते पैसे कुणी देत नाही.

कार्डाचं तसंच. उघडलं की पायरी पुढे येते, ती सगळ्यात सोपी रचना. तरीही पायरीची उंची आणि तिची खोली यांची बेरीज कार्डाच्या पानापेक्षा कमी असावी लागते. पाच इंची पानात उंची तीन आणि खोली अडीच ठेवली तर कार्ड बंद केल्यावर कागदाचं अर्धा इंच नाक बाहेर डोकावतं. इंग्रजी व्हीसारखा तुकडा उभा करायचा असेल तर दोन्ही बाजूंचे कोन सारखे हवेत, नाहीतर कार्ड बंदच होत नाही. ही भूमितीच आहे. मद्रासच्या टी. सुंदर राव यांनी १८९३ साली कागदाच्या घड्यांमधून भूमिती शिकवणारं एक अख्खं पुस्तक इंग्रजीत लिहिलं, आणि फेलिक्स क्लाइनसारख्या नामांकित जर्मन गणितज्ञाने त्याची दखल घेतली. कोर्यो मिउरा या जपानी शास्त्रज्ञाने शोधलेली घडी वापरून १९९५ मध्ये एका जपानी उपग्रहाचं सौरपटल अवकाशात उलगडलं गेलं. ब्रुकलिनच्या रॉबर्ट गेअरने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुठ्ठा एकाच दाबात कापायची आणि घडीसाठी दाबायची युक्ती काढली आणि त्यावर मोठा कारखाना उभा केला. त्यांनी केलं ते गणित, संशोधन, उद्योग. डोंबिवलीत बाईने जेवणाच्या टेबलावर केलं की हौस. बॉक्सचं तेच उलगडलेलं चित्र एखाद्या कंपनीत पॅकेजिंग डिझायनरने काढलं तर त्याला महिन्याच्या महिन्याला पगार मिळतो.

ही नजर आपल्याला शाळेतच लागते. वेळापत्रकात ‘कार्यानुभव’ नावाचा तास असायचा, आठवतोय? कंदील, भेटकार्ड, फुलदाणी त्याच तासाला. मागे मोठी कल्पना होती. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली ती हाताने काम करत करत शिकायची म्हणून, आणि पुढे कोठारी आयोगाने ‘कार्यानुभव’ शिक्षणात आणायची शिफारस केली. प्रत्यक्षात आमच्या शाळेत काय व्हायचं? गणिताचा पोर्शन राहिला की पहिला बळी या तासाचा. वह्या तपासायला एक दिवस, एक श्रेणी, आणि ती श्रेणी प्रगतिपुस्तकात सगळ्यात खाली. बऱ्याच घरांत तो प्रकल्प आईच करून द्यायची किंवा कोपऱ्यावरच्या स्टेशनरीवाल्याकडून तयार आणायची. दहा वर्षं असं शिकलेल्या मुलाला हातकाम म्हणजे उरलेल्या वेळात उरकायची गोष्ट वाटली तर नवल नाही. तोच मुलगा मोठा होऊन माझ्याकडे चाळीस बॉक्स मागतो.

त्यात आता रील आली. मी स्वतः रील टाकते, त्यातून ऑर्डरी येतात, तेव्हा तिला शिव्या घालत नाही. पण चाळीस सेकंदांत काय दिसतं बघा. कात्री सर्रकन फिरते, घडी पडते, पणती बसते, मागे गाणं. डिंक सुकायची वाट बघणं त्यात नाही. चुकलेले तुकडे नाहीत, रात्री दीडला अवघडलेली मान नाही. ‘पाच मिनिटांत कंदील’ असं शीर्षक असतं आणि बघणाऱ्याला ते खरं वाटतं. मग कटिंग मशीन वापरलं की, ‘मशीनच तर करतं सगळं!’ अहो, मशीनला रेघ कुठे कापायची ते कुणी सांगितलं? रिक्षावाल्याला आपण म्हणतो का, की चालते तर रिक्षा, तुम्ही नुसते बसलेले आहात?

पर्यावरणाचा मुद्दा निघाला की माझी जास्तच चिडचिड होते. मार्च २०१८ मध्ये महाराष्ट्रात प्लॅस्टिकबरोबर थर्माकोलच्या सजावटीवरही बंदी आली. त्यानंतर कागदाच्या, पुठ्ठ्याच्या घडीच्या मखरांना मागणी वाढली, आणि ते चांगलंच झालं. पण लोकांच्या मनातला भाव थर्माकोलचाच राहिला. थर्माकोल हलका, तारेने सहज कापला जाणारा. पुठ्ठ्याचं मखर दहा-अकरा दिवस मूर्तीभोवती उभं राहायचं, समईची ऊब आणि पावसाळी ओल सोसायची, पुढच्या वर्षासाठी चपटं होऊन माळ्यावर जायचं. त्याचा सांगाडा वेगळा विचार करून बनवावा लागतो. एका सोसायटीने मला पाच फुटी मखर विचारलं, निसर्गरक्षणावर सुंदर दोन शब्द बोलले, आणि शेवटी म्हणाले, ‘देवाचं काम आहे, मालाचे पैसे घ्या फक्त.’ ढोलपथकाला, मांडववाल्याला, लाइटवाल्याला त्यांनी हे सांगितलं नव्हतं. मी विचारलं होतं.

आता समोरची बाजू. ‘स्टेशनबाहेर साठ रुपयांना कंदील मिळतो, तुझा चारशेचा का घेऊ?’ प्रश्न रास्त आहे. नका घेऊ. पण साठचा कसा होतो तेही बघा. पारंपरिक कंदिलात बांबूच्या कामट्यांचे चौकोन दोऱ्याने बांधायचे, ते जोडले की मधे त्रिकोण तयार होतात, मग पतंगी कागद चढवायचा, कडेने सोनेरी पट्टी, खाली झिरमिळ्या. जुने लोक मैद्याची खळ शिजवताना कीड लागू नये म्हणून त्यात मोरचूद घालत. माहीमच्या कंदील गल्लीत दिवाळीआधी हे रंगच रंग लटकलेले दिसतात. पण कारागिराचे हात साठ रुपयांत बसत नाहीत. स्वस्त कंदिलामागे एकतर मोठ्या कारखान्याचा साचा असतो, नाहीतर घरोघरी नगावर दिलेलं काम. झिरमिळ्या चिकटवायचं, पट्ट्या लावायचं असलं काम स्टेशनापलीकडच्या चाळींत मी बघितलं आहे. शाळेतून आलेली मुलंही आईबरोबर बसलेली असतात. आणि तिथेही शब्द तोच असतो, ‘घरबसल्या फावल्या वेळात करतात.’

हा ‘फावला वेळ’ जगभर असाच वापरला गेला. अहमदाबादेत इला भट्ट यांनी १९७२ साली ‘सेवा’ ही संघटना उभी केली ती असंघटित कष्टकरी बायकांची, आणि तिथून घरखेप कामगारांचा प्रश्न आंतरराष्ट्रीय पातळीवर गेला. १९९६ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने घरी बसून मालकासाठी काम करणाऱ्यांबद्दलचा १७७ क्रमांकाचा करार मंजूर केला. सांगणं साधं होतं, की घरात बसून केलं तरी काम ते कामच. भारताने या कराराला मान्यता दिलेली नाही. मी स्वतः त्या व्याख्येत बसत नाही, मला मालक नाही, भाव मी ठरवते. पण चाळीतली बाई बसते. तिच्या आणि माझ्या कामाला एकाच शब्दाने स्वस्त केलं जातं, म्हणून तिचा उल्लेख इथे हवा.

याच कारणाने माझा काही मैत्रिणींशीही वाद आहे. घरात पगार येतो, कागदकाम आवडतं, म्हणून त्या मालाच्या किमतीत कार्डं विकतात. ‘चार पैसे सुटले तरी पुरे गं, वेळ जातो छान.’ त्यांचा वेळ छान जातो हे खरं. पण त्यांनी पन्नासला विकलेलं कार्ड गिऱ्हाईक माझ्यासमोर धरतं, आणि उद्या माझ्यापेक्षाही जास्त गरज असलेल्या मुलीसमोर धरेल. ज्यांना पैसे नकोत त्यांनी सरळ भेट द्यावी. विकायचं असेल तर मेहनतीचे पैसे धरून विकावं. मालाच्या भावात विकणं वरवर साधेपणाचं दिसतं, पण त्याचा भुर्दंड दुसऱ्याच कुणाला तरी पडतो.

‘पैसे आले की त्यातला जिव्हाळा जातो’ असंही म्हणतात. जिव्हाळ्याने मीही देते. भाचीच्या बारशाला बोरन्हाणाच्या खेळण्यांचं कार्ड केलं, तिच्या आजीच्या पंचाहत्तरीला पाचमजली केक उभा राहणारं केलं, एक रुपया घेतला नाही. पण भेट कुणाला आणि कधी द्यायची हे देणाऱ्याने ठरवायचं असतं. घेणाऱ्याने परस्पर ठरवलं तर तिला वेठ म्हणतात, आणि त्या शब्दाची आपल्याकडे मोठी जुनी ओळख आहे.

तर या दिवाळीला एवढं करा. कागदाची वस्तू आवडली तर किंमत विचारा आणि किती वेळ लागला तेही विचारा. परवडत नसेल तर ‘परवडत नाही’ म्हणा, त्यात कमीपणा नाही आणि मला रागही येत नाही. मी त्याच बजेटमध्ये साधा बॉक्स सुचवीन, पणती न लावता. ऑर्डर दिलीत तर अर्धे पैसे आगाऊ द्या, कारण मलाही कागदवाल्याला रोख द्यावे लागतात. ‘तुमचं नाव टॅग करू’ हे पैशांऐवजी सांगू नका, दुकानदार टॅगवर कागद देत नाही. आणि स्वतः करून बघायचं असेल तर जरूर करा, कामट्या कुठे मिळतात ते मी सांगते. पहिला कंदील पूर्ण व्हायला लागलेले तास मात्र वहीत लिहून ठेवा. नंतर माझ्याकडे भाव करायला आलात तर ती वही घेऊन या.