आंबेनळीचा घाट

रस्ता कोणीं बांधला याची नोंद राहते. तो कोणीं राखला हें सहसा कोणी विचारीत नाहीं. महाबळेश्वराहून पोलादपुरास उतरणाऱ्या राज्यमार्गाची कथा या दृष्टीनें मननीय आहे. म्हणून या महिन्यांत आम्ही वाचकांस त्या वाटेनें नेणार आहोंत.

वाट लहानच; सुमारें ४० किलोमीटरांची. परंतु तेवढ्या अंतरांत ती साडेचार हजार फुटांवरील पठार सोडून कोंकणांत उतरते. दाट झाडींतून वळणें घेत ती प्रथम कुंभरोशीस येते. प्रतापगडास जाणारा फांटा येथूनच फुटतो. पुढें खरा घाट लागतो व सावित्रीचें खोरें दिसूं लागतें. महाबळेश्वरीं उगम पावणाऱ्या नद्यांपैकीं कृष्णा, कोयना व वेण्णा यांचें पाणी पूर्वसमुद्रास जातें. सावित्री मात्र पश्चिमेस वळते. आपल्या रस्त्यानेंहि तिचीच दिशा धरली आहे.

हा मुलूख जावळीच्या मोऱ्यांचा. १६५६ सालीं शिवाजी महाराजांनीं जावळी घेतली आणि मोरोपंत पिंगळे यांच्याकडून प्रतापगड बांधविला. १० नोव्हेंबर १६५९ रोजीं गडाच्या पायथ्याशीं अफजलखानाचा वध झाला. खान वाईहून रडतोंडीच्या घाटानें पारास उतरला होता. तो उतार कसा असेल हें त्याच्या नांवावरूनच समजावें. त्या काळीं वाटेची बिकटता हेंच स्वराज्याचें संरक्षण होतें. हा प्रसंग ‘शिवभारत’ या संस्कृत काव्यांत वर्णिणारे कवींद्र परमानंद यांची समाधि पोलादपुरास आहे. गड पाहून खालीं येणाऱ्यांनीं घटकाभर तिकडे वळावें, अशी आमची विनंति आहे.

इंग्रजांची गरज निराळी होती. १८२९ सालीं सातारच्या प्रतापसिंह महाराजांकडून महाबळेश्वरची जागा घेऊन गव्हर्नर सर जॉन माल्कम यानें तेथें हवा पालटण्याचें ठाणें वसविलें. मुंबईचे साहेबलोक गलबतानें बाणकोटच्या खाडींत शिरत व महाडावरून डोंगर चढत. १८७० नंतरच्या कांहीं वर्षांत येथें गाडीरस्ता झाला आणि १८६७ ते १८७२ पर्यंत मुंबईचा गव्हर्नर असलेल्या फिट्झजेराल्डचें नांव त्यास मिळालें. सुरुंग लावणाऱ्या व खडी फोडणाऱ्या मजुरांचें नांव कोठेंच लागलें नाहीं. लोकांनीं मात्र साहेबाचें नांव कागदावरच ठेविलें. त्यांच्या तोंडीं घाट आंबेनळीचाच राहिला.

आतां राखण्याची गोष्ट. महाबळेश्वरीं वर्षाकाठीं साधारणतः ५,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. डोंगराकडचें गटार पालापाचोळ्यानें भरलें किंवा मोरीचें तोंड बुजलें, कीं पाणी रस्त्यावर येतें. दरीकडची कड भिजते, आंतली माती वाहूं लागते, आणि एखादे रात्रीं कठड्यासकट रस्ता खालीं जातो. २२-२३ जुलै २०२१ रोजीं तर येथें चोवीस तासांत सुमारें ५९४ मिलिमीटर पाऊस कोसळला. दरडी आल्या, रस्ता ठिकठिकाणीं वाहून गेला. त्याच पावसांत पोलादपूर तालुक्यांत दरडींखालीं माणसें दगावलीं. तत्पूर्वीं २८ जुलै २०१८ रोजीं याच घाटांत एक बस दरींत कोसळून सुमारें तीस माणसें गेलीं होतीं. हवा खाण्यास जाणाऱ्या आम्हां लोकांचा रस्ता बंद झाला तर केवळ बेत मोडतो. वाटेवरच्या गांवांचा मात्र दवाखाना, बाजार व मुलांची शाळा एकदमच तुटते.

संस्कृतांत योगक्षेम असा शब्द आहे. न मिळालेलें मिळविणें हा योग. मिळालेलें राखणें हा क्षेम. योगाचा समारंभ होतो, फीत कापतात, पाटी बसवितात. क्षेमाच्या वांट्यास यांपैकीं कांहीं येत नाहीं. वैशाखाच्या उन्हांत फावडें-घमेलें घेऊन गटार उपसणाऱ्या मैलकुल्याचें काम साधलें, तर पाहणाऱ्यास कांहींच दिसत नाहीं. रस्ता काल होता तसाच आज असतो. घर चालविणाऱ्या आमच्या भगिनींस हें वेगळें सांगावयास नको. जुलै २०२१ सारख्या पावसापुढें मैलकुल्याचेंहि कांहीं चालत नाहीं, हें खरें. पण असा पाऊस रोज येत नाहीं. एरवींचे पावसाळे त्याच्याच श्रमावर निभतात.

तेव्हां या वाटेनें जाणाऱ्या वाचकांस आमचें दोनच गोष्टींचें सांगणें. भर पावसांत, विशेषतः रात्रीं, हा घाट धरूं नये. बंदीची सूचना लागली असेल तर मुकाट्यानें परतावें. आणि पाण्याच्या बाटल्या व खाऊच्या पिशव्या गाडीबाहेर टाकूं नयेत. त्या जाऊन बसतात त्या मोरीच्या तोंडांतच, आणि त्या काढावयास पुन्हां तोच मनुष्य वांकतो.