टाहो आणि गोंगाट

सीमाभागातल्या एकांकिका स्पर्धांतून अलीकडे एक साथ पसरली आहे. नाटकातली आई गेली, मुलगा परागंदा झाला, शेत सावकाराने गिळले, की प्रेक्षागृहात प्रथम वीज कडाडते. तिच्यावर शंख. शंखावर व्हायोलिनचा हुंदका, हुंदक्याखाली छातीचे ठोके, आणि सगळ्यांच्या डोक्यावर कुठल्याशा बाईचे घुमणारे 'आऽऽ'. या ढिगाऱ्याखाली बिचारी नटी तोंड उघडून काहीतरी म्हणत असते. काय म्हणते, ते पहिल्या रांगेतल्या परीक्षकांनाही कळत नाही. तरीही निकालाच्या रात्री 'उत्कृष्ट पार्श्वसंगीत' म्हणून त्याच एकांकिकेचे नाव पुकारले जाते. एका स्पर्धेत मी परीक्षक असताना अशा बक्षिसाला हरकत घेतली, तर शेजारचे परीक्षक म्हणाले, ''अहो, पोराने मेहनत किती घेतलीय ते तरी बघा!'' मेहनत होती, नाही कोण म्हणतो? पण ती आवाज गोळा करण्याची होती. आवाज टाकून देण्याची मेहनत त्या पोराला कुणी शिकवलीच नव्हती.

आवाजांचे थर लावू नयेत, असे मला म्हणायचे नाही. उत्कट दुःख एका सुरात मावत नाही, हे मलाही कबूल आहे. माझे भांडण आहे ते थर आणि ढीग यांतला फरक न कळणाऱ्यांशी.

ऋत्विक घटकांचा 'मेघे ढाका तारा' (१९६०) घ्या. फाळणीने पूर्व बंगालमधून उखडलेले, कलकत्त्याच्या कडेला निर्वासितांच्या वसाहतीत राहणारे कुटुंब. थोरली मुलगी नीता सगळ्यांना पोसते आहे. तिच्यात आणि सनतमध्ये काही जुळते आहे, हे आईला दिसते, आणि मिळवती पोरगी हातची जाणार या धास्तीने त्या बाईचा जीव कासावीस होतो. घटक तिथे व्हायोलिन लावत नाहीत. चुलीवर काहीतरी रटरटते आहे, तोच आवाज वाढत वाढत कानाशी येतो. स्वयंपाकघरातलाच आवाज, पण आता तो आईच्या पोटातला झालेला असतो. पुढे सनतच्या घरी दुसरी स्त्री आहे, हे नीताला कळते. ती जिना उतरू लागते आणि चाबूक ओढल्याचा आवाज येतो. पडद्यावर चाबूक नाही, मारणाराही नाही. एक बाई गळ्याशी हात नेऊन पायऱ्या उतरते आहे, आणि फटके आपल्याला बसताहेत. शेवटी शिलाँगच्या डोंगरात क्षयाने खंगलेली नीता भावाला सांगते, की मला जगायचे होते. तो टाहो दऱ्याखोऱ्यांतून फिरत राहतो आणि कॅमेराही त्या डोंगरांवरून फिरतो. रटरट, फटका, टाहो. तीन ठिकाणी तीन आवाज, आणि प्रत्येकाला आपापली जागा. हेच घटक १९६० च्या दशकाच्या मध्यास पुण्याच्या चित्रपट संस्थेत उपप्राचार्य होते, म्हणजे हे काही आपल्यापासून फार लांबचे नव्हे.

याच्या उलट टोक सत्यजित राय यांचे. 'पथेर पांचाली'त (१९५५) परगावाहून आलेला बाप मेलेल्या मुलीसाठी आणलेली साडी पुढे करतो आणि आई फुटते. तिचे रडे आपल्याला ऐकूच येत नाही. तिच्या तोंडून तारशहनाई येते. आमच्या मंडळींनी काय केले असते? रडेही ठेवले असते, तारशहनाईही ठेवली असती, आणि वर वीज.

आता कुणी म्हणेल, हे जुने झाले, आज संगणकावर हवे तितके ध्वनिपट मांडता येतात. मांडता येतात ना! पण ज्याने हे थर रचण्यात हयात घालवली, तो वॉल्टर मर्च काय सांगतो तेही ऐका. 'अपोकॅलिप्स नाऊ'मधल्या (१९७९) हेलिकॉप्टर हल्ल्यात पाती, बंदुका, स्फोट, माणसांच्या आरोळ्या, वाग्नरचे संगीत असे सगळे तयार होते. सगळे एकदम वाजवले तर नुसता घनघोर गोंधळ होई. मग त्याने क्षणाक्षणाला काही थर काढून घेतले, काही पुढे आणले. एका वेळी मोजकेच ठेवले, आणि बाकीचे ऐकू येताहेत असा भास उरला. 'गॉडफादर'मध्ये (१९७२) मायकेल पहिला खून करण्याआधी खाणावळीत बसलेला असतो. डोक्यावरून जाणाऱ्या आगगाडीची चाके रुळांवर करकरतात. गाडी दिसत नाही. ती करकर त्या तरुणाच्या कवटीत चाललेली असते, आणि संगीत सुरू होते ते खून होऊन पिस्तूल हातातून पडल्यावर. हॉलिवूडला पैशांची ददात होती म्हणून काही ते थांबले नाहीत.

यामागे कानाचा साधा हिशेब आहे. एकाच उंचीचे दोन आवाज एकत्र आले, की जोरकस आवाज दुसऱ्याला झाकून टाकतो. शब्दांतली व्यंजने ज्या वरच्या पट्टीत स्पष्ट होतात, तिथेच व्हायोलिनची धार आणि विजेचा कडकडाट नांदतात. म्हणजे नटीच्या वाक्यावर व्हायोलिन टाकणारा तिच्या तोंडावर उशीच दाबत असतो. वाक्य ऐकू येईना म्हणून ती ओरडते, ती ओरडते म्हणून संगीतवाला बटण वर सरकवतो.

आणि हे शिकायला हॉलिवूडला तरी कशाला जायला हवे? आमच्याच जिल्ह्यात सौंदत्तीच्या डोंगरावर पौर्णिमेच्या जत्रेत जोगत्यांचा मेळा ऐका. तुणतुणे आपला एक सूर धरून बसते, हलत नाही. झांज काळ मोजते. आणि चौंडके! तार ताणली की त्याचा आवाज वर चढतो, सैल सोडली की खाली कोसळतो. वाद्य आहे की हुंदका, असा प्रश्न पडावा. तीन थर आहेत, पण एकमेकांच्या पायांत येत नाहीत, आणि गाणाऱ्याचा शब्द शेवटच्या माणसापर्यंत पोचतो. ब. व. कारंतांनी कन्नड रंगभूमीवर हाताला येईल त्या साध्या वस्तूंतून नाद काढले. भाषेच्या भांडणापायी तेवढा शेजार आपण ऐकायचे सोडले असेल, तर नुकसान कोणाचे? असो, तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

''पण प्रेक्षकांना हेच लागते,'' हा ठरलेला युक्तिवाद. दूरचित्रवाणीच्या मालिकांत सासूने भुवई उडवली तरी तीनदा धडाम होते, त्याची कानांना सवय झाली, म्हणे. मग 'सैराट' (२०१६) कोणत्या प्रेक्षकांनी डोक्यावर घेतला? त्याचे संगीत लॉस एंजेलिसमध्ये भला मोठा वाद्यवृंद बसवून मुद्रित केले होते. आणि शेवटी, जिथे तो सगळा वाद्यवृंद ओतायचा मोह कुणालाही झाला असता, तिथे नागराज मंजुळ्यांनी आवाजच काढून घेतला. लहान मूल रक्तात पाय भरून चालते आणि चित्रपटगृहात खुर्ची कुरकुरल्याचेही ऐकू येते. त्याआधी 'फँड्री'त (२०१३) त्यांनी डुकरामागे धावणाऱ्या कुटुंबाला शाळेतल्या राष्ट्रगीताने जागच्या जागी उभे केले होते. हे दोन्ही खेड्यापाड्यांतल्या प्रेक्षकांना कळले. प्रेक्षक बहिरा आहे, ही समजूत करून देणाऱ्यांनी आधी आपले कान तपासावेत.

येत्या हंगामासाठी स्पर्धा भरवणाऱ्या मंडळींना माझी एक सूचना आहे. पार्श्वसंगीताचे बक्षीस ठेवायचेच असेल, तर प्रवेश अर्जासोबत संगीत देणाऱ्याकडून कागद घ्या: कोणत्या प्रसंगाला कोणते आवाज, त्यातला प्रत्येक आवाज नाटकातल्या कुणाच्या कानाला येतो, आणि तालमीत किती आवाज वगळले. शेवटचा रकाना कोरा असेल, त्याचा अर्ज परत करा.