प्लॅस्टिकचे रस्ते : न मांडलेला हिशेब

पावसाळा ओसरला की नगरपालिकांना डांबराची आठवण होते; अलीकडे तिच्या जोडीने प्लॅस्टिकचीही होऊ लागली आहे. टाकाऊ पिशव्या रस्त्यात घातल्या की कचरा आणि खड्डे हे दोन्ही प्रश्न एकदमच निकालात निघतील, असा एक सुखद समज आपल्याकडे रूढ होऊ पाहत आहे. तो तपासून घेणे अगत्याचे आहे.

मूळ कल्पना निःसंशय मोलाची होय. मदुराईच्या त्यागराजर अभियांत्रिकी महाविद्यालयातील रसायनशास्त्राचे प्राध्यापक राजगोपालन वासुदेवन यांनी ती सिद्ध केली. चेन्नईतील जंबुलिंगम रस्ता २००२ साली या पद्धतीने झाला आणि २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. सुमारे १६५ अंशांपर्यंत तापविलेल्या खडीवर प्लॅस्टिकचा बारीक चुरा टाकावयाचा. तो वितळून खडीवर पातळ लेप बसतो आणि मग त्यावर डांबर घालतात. आपले रस्ते उखडतात ते बव्हंशी पाणी आत शिरून डांबर खडीपासून सुटते म्हणून; हा लेप ती सुटका रोखतो. अर्थात निचरा धड नसेल आणि दबाई अर्धवट असेल, तर लेप बिचारा काय करणार! शिवाय सर्व प्लॅस्टिक चालत नाही. पीव्हीसी तापल्यास विषारी वायू सोडते, म्हणून ते कटाक्षाने वगळावे लागते.

केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१५ मध्ये पाच लाखांवर वस्तीच्या शहरांभोवती ५० किलोमीटरच्या परिसरात डांबरी रस्त्यांत टाकाऊ प्लॅस्टिक वापरण्याचे बंधन घातले. आता साधा त्रैराशिकाचा हिशेब करू. एकपदरी रस्त्याच्या एका किलोमीटरला सुमारे दहा टन डांबर लागते व त्यात फार तर एक टन प्लॅस्टिक खपते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या आकडेवारीनुसार २०१९-२० या एका वर्षात देशात सुमारे ३५ लाख टन प्लॅस्टिक कचरा निर्माण झाला. कच्चे धरून आपले एकूण रस्ते ६३ लाख किलोमीटरांच्या घरात आहेत. म्हणजे सारे रस्ते एकपदरी मानून नव्याने केले, तरी दोन वर्षांचा कचराही त्यांत मावत नाही.

वर्गात 'मुक्त वस्तू' ही संज्ञा शिकविताना मी हवेचे उदाहरण देत असे. हल्ली एखादा विद्यार्थी हमखास कचऱ्याचे नाव घेतो. मला ते उत्तर नाकारावे लागते. ओला, खरकटा, मिसळलेला कचरा फुकट असेल. खडीवर टाकण्याजोगे कोरडे, निवडलेले, चिरलेले प्लॅस्टिक फुकट नसते. त्यात कुणाचे तरी श्रम असतात, आणि ते बहुधा कचरावेचक बाईचे असतात. दुधाची पिशवी ती उचलते, कारण भंगारवाला तिला भाव देतो. बिस्किटाच्या वेष्टनाला भाव नाही. एक किलो भरण्यास शेकडो वेष्टने वेचावी लागतात. सबब ते गटारातच राहते. सरकारी आदेशाने मागणी उत्पन्न होते. पुरवठा मात्र त्या बाईच्या हातात असतो. उद्या कंत्राटदार बाजारात उतरला, तर तो साहजिकच स्वच्छ पिशव्या उचलील, ज्यांना आधीच गिऱ्हाईक आहे. जिला पुन्हा पिशवी होता आले असते, ती रस्त्यात कायमची पुरली जाईल.

२०२२ च्या केंद्रीय नियमांत हे ओळखलेले दिसते. वेष्टन बाजारात आणणाऱ्या उत्पादकावर ते परत गोळा करण्याची जबाबदारी आहे, आणि ज्याचा पुनर्वापर शक्य नाही असेच प्लॅस्टिक रस्त्याकडे न्यावे, असा त्यांचा रोख आहे. मात्र उत्पादकाने मोजलेला पैसा वेचणाऱ्यापर्यंत किती झिरपतो, हा खरा प्रश्न होय. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ पासून या कष्टकऱ्यांना संघटित करीत आली आणि तिच्याच प्रयत्नांतून 'स्वच्छ' ही त्यांची सहकारी संस्था उभी राहिली. दारोदार कचरा गोळा करण्याचे काम तिच्याकडे आहे. भावाची बोलणी करावयाची तर निदान तिथे समोर कुणीतरी आहे.

रस्त्याच्या निविदेत खडीचा दर असतो, डांबराचा असतो, वाहतुकीचाही असतो. बिनभावाच्या वेष्टनांचा किलोमागे दर, आणि तो वेचणाऱ्याच्या हाती पडल्याची पावती, या दोन ओळी त्याच कागदावर घालण्यास कोणतीही तांत्रिक अडचण दिसत नाही.