शाळेची निवड की मुलीची चाळण?

बदल्यांचा हंगाम आला की सीमाभागातील मध्यमवर्गीय घरांत एक ठरावीक नाटक सुरू होते. बँकेतील, रेल्वेतील अथवा टपाल खात्यातील गृहस्थास बेळगावहून पुण्यास, कोल्हापुराहून बेळगावास, नाही तर निपाणीहून थेट बंगळूरास जाण्याचा हुकूम येतो. मग घरभाडे, सामानाचा ट्रक, म्हाताऱ्या आईचे औषधपाणी, सगळ्यांची चर्चा होते. मुलगा नववीत असला तर या चर्चेस निराळेच गांभीर्य चढते. वडील एकटे पुढे जातात, खाणावळीत जेवतात, आणि मुलाची दहावी पार पडेपर्यंत बाकीचे बिऱ्हाड जागचे हलत नाही. मुलगी नववीत असली तर मात्र "ती काय, कुठेही रुळेल" एवढ्या चार शब्दांत निकाल लागतो.

आमचा पहिला आक्षेप या चार शब्दांना आहे. मुलगी रुळते, हे खरे. परंतु ती रुळते म्हणजे काय करते, हे पाहण्याचे कष्ट कोणी घेत नाही. वर्गात पहिल्या बाकावर बसणारी मुलगी नव्या गावात शेवटच्या बाकावर जाते, प्रश्न विचारणे सोडते, आणि घरी विचारले तर "बरे चालले आहे" असे सांगते. पालक यास समंजसपणा म्हणतात!

दुसरे टोकही तितकेच वाईट. मुलगी हुशार निघाली की वडिलांच्या डोक्यात प्रवेशपरीक्षा घेऊन निवडक विद्यार्थी घेणाऱ्या शाळेचे नाव घोळू लागते. नवोदय, सैनिक शाळा, कित्तूरची मुलींची शाळा, पुण्यातील एखादी नामांकित शाळा. शाळेने मुलीस निवडावे यासाठी शिकवणी लागते, नवस बोलले जातात. मात्र मुलीसाठी शाळेची परीक्षा आपण घ्यावयाची असते, हे कोणाच्या ध्यानीमनी नसते. स्पर्धेस आमचा विरोध नाही. आमच्या मुलींनी स्पर्धेत उतरावे आणि जिंकावे. पण ज्या दारात उभे राहावयाचे त्या दाराची चौकट कशी बसविली आहे, हे तरी आधी पाहावे की नाही?

नवोदय विद्यालयांचेच उदाहरण घ्या. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाबरोबर देशभर पसरलेल्या या निवासी शाळांत सहावीसाठी जिल्हावार परीक्षा होते. किमान एक तृतीयांश जागा मुलींसाठी असतात आणि किमान तीन चतुर्थांश ग्रामीण भागासाठी. म्हणजे शहरवासीयांच्या वाट्यास फार तर चौथा हिस्सा उरतो. बेळगाव जिल्ह्याचे विद्यालय चिकोडी तालुक्यात कोथळीस आहे, कोल्हापूर जिल्ह्याचे कागलास. नियम असा की मुलीने पाचवीचे संपूर्ण वर्ष त्याच जिल्ह्यातील शाळेत काढलेले असले पाहिजे. आणि ही परीक्षा दुसऱ्यांदा देता येत नाही. म्हणजे वडिलांनी ऐन ऑक्टोबरात बिऱ्हाड हलवून मुलीचे नाव कोल्हापुरात घातले, की कोथळीचा हक्क गेला आणि कागलचा मिळाला नाही. मुलगी दोन्हीकडून बाद, तीही एक प्रश्न न सोडविता! पाचवीतल्या मुलीचे वर्ष तेवढे पुरे होऊ द्यावे, असा विचार बदलीचा हुकूम हाती घेताना कितीजण करतात? मुलाच्या दहावीसाठी खाणावळीचे जेवण गोड लागते. मुलीच्या पाचवीसाठी तेच जेवण बाधते, असे दिसते.

आणि भाषेचे काय? नवोदयाचे धोरण सांगते की आठवीपर्यंतचे शिक्षण मातृभाषेतून किंवा प्रादेशिक भाषेतून, आणि त्यापुढे हिंदी-इंग्रजीतून. वाचकहो, या वाक्यातील "किंवा" या दोन अक्षरांत सारी मेख आहे. सातारा जिल्ह्यात किंवा धारवाड जिल्ह्यात हा "किंवा" निरुपद्रवी आहे, कारण तेथे बहुसंख्य मुलांची मातृभाषा आणि प्रादेशिक भाषा एकच. सीमाभागात त्या दोन आहेत. तेव्हा अर्ज भरण्यापूर्वी विद्यालयात जाऊन स्पष्ट विचारावे, की माझी मुलगी मराठी शाळेतून आली तर सहावीत गणित आणि विज्ञान कोणत्या भाषेत शिकेल, आणि मराठी हा विषय तिला मिळेल काय. वसतिगृहातील खाटा आणि भोजनगृहातील फरशी पाहून परतणाऱ्या पालकांनी हा एक प्रश्न विचारला असता तर पुष्कळ मुलींचे पहिले वर्ष अश्रूंत गेले नसते.

सैनिक शाळांची तऱ्हा आणखी बोलकी आहे. देशातील पहिली सैनिक शाळा १९६१ साली साताऱ्यात निघाली. परंतु या शाळांची दारे मुलींना सर्वत्र उघडली ती २०२१-२२ या वर्षी. साठ वर्षे गेली! उघडली तीही किती? सहावीत दहा टक्के अथवा दहा जागा, यांतील अधिक असेल ती. शिवाय शाळा ज्या राज्यात आहे त्या राज्यास ६७ टक्के आणि उरलेल्या साऱ्या देशास ३३ टक्के, अशी वाटणी. आता बेळगावच्या मराठी मुलीचा हिशेब करा. साताऱ्याच्या दारात ती "परराज्यातील" ठरते. मुलींच्या दहा जागा धरल्या, तर तीनएक जागांसाठी तिने सगळ्या हिंदुस्थानाशी झुंजावयाचे. स्वगृहीची म्हणून तिची गणना होते ती विजापूरच्या किंवा कोडगूच्या शाळेत. ज्या मातीत तिची भाषा जन्मली तेथे ती पाहुणी, आणि जेथे तिची भाषा पाहुणी तेथे ती घरची!

एक गोष्ट मात्र पालकांनी मनात पक्की धरावी. सैनिक शाळांची सहावीची प्रवेशपरीक्षा मराठीतून देता येते, नववीची केवळ इंग्रजीतून. म्हणून "मराठी शाळेतली मुलगी तेथे टिकणार कशी" हा बाजारात चालणारा बुद्धिवाद सहावीपुरता निखालस खोटा आहे.

कित्तूरच्या शाळेविषयी आम्ही पूर्वग्रहाने लिहिणार नाही. राणी चन्नम्माच्या नावाने मुलींसाठी निवासी सैनिक शाळा तेथे १९६९ साली उभी राहिली, आणि ती बेळगाव जिल्ह्यातच आहे. पुण्याजवळ कासार आंबोलीची मुलींची सैनिकी शाळा निघाली १९९७ साली. ताराबाईंचा वारसा सांगणाऱ्या आम्ही या अठ्ठावीस वर्षांचा हिशेब द्यावयास हवा. ज्याचे श्रेय त्यास द्यावे. पण चन्नम्माचे नाव पाहून मुलीस पाठविणाऱ्या मराठी बापाने तेथेही तोच प्रश्न विचारावा: तिची मराठी कोठे राहील? शाळेत नसेल तर सुटीत घरी कोण शिकवील?

कोणी म्हणेल, भाषेचे एवढे स्तोम कशासाठी? त्यांनी कायदा पाहावा. कर्नाटकाने २०१५ साली कन्नड भाषा अध्ययनाचा कायदा केला आणि २०१७-१८ पासून टप्प्याटप्प्याने शाळांत कन्नड पहिली अथवा दुसरी भाषा म्हणून आणली. महाराष्ट्राने २०२० साली मराठीसाठी तसाच कायदा केला, तेव्हा एकट्या कर्नाटकास नावे ठेवण्याचा अधिकार आम्हांस नाही, हे मोकळेपणाने सांगतो. शेजाऱ्याची भाषा शिकण्यात कमीपणाही नाही. बेळगावच्या बाजारपेठेत ती शिकल्यावाचून कोणाचे चालले आहे? तक्रार आहे ती आठवीत येणाऱ्या मुलीविषयी. कोल्हापुराहून आलेली तेरा वर्षांची पोर कन्नड मुळाक्षरांपासून आरंभ करते, आणि शेजारी बसलेल्या मुली निबंध लिहीत असतात. मधल्या इयत्तेत परराज्यातून येणाऱ्या विद्यार्थ्यास काय सवलत मिळेल, हे शाळेच्या कार्यालयातून लेखी घ्यावे. तोंडी आश्वासनावर घर हलवू नये.

राज्यघटनेचा आधार घेऊ म्हणाल, तर तोही येथे तोकडा पडतो. १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने आलेले ३५० अ हे कलम भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांस मातृभाषेतून शिक्षणाची सोय करण्यास सांगते, पण प्राथमिक टप्प्यापुरतेच. माध्यमिक शाळेच्या पायरीवर ते संरक्षण थबकते. अल्पसंख्याक कोण, हे राज्यवार ठरवावयाचे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली सांगितले. त्यामुळे बेळगावचा मराठी माणूस ३० व्या कलमाखाली स्वतःच्या शाळा काढू शकतो. आणि त्याने त्या काढल्या, वर्गण्या गोळा करून चालविल्या. या शाळा चाळणी लावीत नाहीत; येईल तिला घेतात आणि घडवितात. निवडून घेतलेल्या मुलांचा उत्तम निकाल लावणे आणि दारी आलेल्या प्रत्येक मुलीस दहावी पार करविणे, यांत अवघड काम कोणते, हे कोणत्याही शिक्षकास विचारा. तरी आमचे सुशिक्षित पालक नव्या गावी पोहोचले की पाटीवरील इंग्रजी नाव वाचत फिरतात, आणि चार गल्ल्यांपलीकडील मराठी हायस्कूलची चौकशीसुद्धा करीत नाहीत.

मुलीस विचारावे, हेही सांगावयास हवे काय? अकरा वर्षांच्या मुलीस निवासी शाळेत जावयाचे आहे की नाही, याचे मत असते. ते ऐकावे. ती "नको" म्हणाली तर त्यास भित्रेपणा म्हणू नये, आणि "हो" म्हणाली तर "मुलीच्या जातीला एवढे लांब कशाला" म्हणून आजीने आडवे पडू नये. पुण्यात हुजूरपागेची शाळा निघाली ती १८८४ साली. तेव्हाही अशी आडवी पडणारी मंडळी होती, आणि त्यांत मोठमोठी नावे होती.

आता मुंबईच्या राज्यकर्त्यांकडे वळू. २००४ साली महाराष्ट्राने सीमाप्रश्नाचा दावा सर्वोच्च न्यायालयात दाखल केला. त्या वर्षी खानापुरात जन्मलेली मुलगी शाळा-कॉलेज संपवून बाहेर पडली. तिच्या शिक्षणाच्या साऱ्या वर्षांत महाराष्ट्राने तिला "आमची" म्हटले ते भाषणांत. एका गोष्टीबद्दल धन्यवाद देतो: ८६५ गावांतील मराठीभाषक विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्र सरकार अभियांत्रिकीसारख्या व्यावसायिक अभ्यासक्रमांत काही जागा राखून ठेवते. तत्त्व मान्य झाले आहे. मग ते माध्यमिक शाळेच्या दारापर्यंत का उतरत नाही? सैनिक शाळा केंद्राच्या संरक्षण खात्याच्या अखत्यारीत आहेत आणि साताऱ्याचा रकाना एकट्या मंत्रालयास बदलता येणार नाही, हे आम्ही जाणतो. पण दिल्लीकडे तशी मागणी करण्यास कोणाची परवानगी हवी आहे? आणि ज्या निवासी शाळा महाराष्ट्राच्या अनुदानावर चालतात, त्यांत सीमाभागातील मुलींसाठी चार जागा राखण्यास कोणता न्यायालयीन निकाल आड येतो? जे अठराव्या वर्षी देता येते, ते अकराव्या वर्षी का देता येत नाही, याचे उत्तर मंत्रालयाने पुढील प्रवेशअर्ज निघण्यापूर्वी द्यावे.