घड्याळ हवेच, पण आधी मोरीकडे पाहा

आषाढी एकादशीला पिंप्राळ्याच्या रथाच्या गर्दीत न डगमगणारी आजी घरच्या ओल्या मोरीत घसरते. खुब्याचे हाड मोडले की अंथरूण धरावे लागते.

पडणे ओळखणारी मनगटी घड्याळे आता मिळतात. ॲपलने असे घड्याळ २०१८ साली आणले. हाताला बसलेला हिसका व नंतरची निश्चलता टिपून ते नातेवाइकांना फोनवर कळवते. चालीतील फरकावरून धोका आधीच ओळखण्याचे संशोधनही चालू आहे. एकट्या राहणाऱ्यांना याचा उपयोग आहेच. पण आज बाजारातले घड्याळ बोलते, ते मुख्यतः पडल्यानंतर!

पुण्या-मुंबईच्या मुलांनी घड्याळ जरूर पाठवावे. त्याआधी मोरीत धरायला दांडा बसवावा, रात्री दिवा ठेवावा. आईवडिलांचे डोळे व रक्तदाब तपासून घ्यावेत, झोपेच्या गोळ्यांविषयी डॉक्टरांना विचारावे. तोल सावरण्याच्या व पायांना बळ देणाऱ्या व्यायामाने पडण्याचे प्रमाण सुमारे एक चतुर्थांशाने घटते, असे कॉक्रेन संस्थेच्या २०१९ च्या आढाव्यात दिसले.

आणि आजी-आजोबांनो, घरचे बाहेर जाणे बंद करतील या भीतीने पडल्याचे लपवू नका. एकदा पडणे हीच पुढच्या पडण्याची सर्वांत मोठी पूर्वसूचना असते.