तळलेल्या केळ्याचा धंदा : नाव पाहुण्याचे, गल्ला यजमानाचा

बँकॉक शहरातील नांग लोएंग हा बाजार १९०० साली सुरू झाला. आज या भागात एकच जिन्नस विकणारी अनेक दुकाने एकमेकांना लागून आहेत. जिन्नस म्हणजे तळलेले केळे. थाई लोक त्याला ‘क्लुआय खेक’ म्हणतात. ‘क्लुआय’ म्हणजे केळे. ‘खेक’ म्हणजे पाहुणा. पण हिंदुस्थानी, मलायी, अरब आणि सरसकट मुसलमान यांनाही थाई माणूस ‘खेक’ म्हणतो. पिठात बुडवून तळण्याची रीत हिंदुस्थानी लोकांची, म्हणून हे नाव पडले, असा तिकडे समज आहे.

हा समज निराधार वाटत नाही. एकोणिसाव्या शतकात सुरतेकडील मुसलमान कापड व्यापारी बँकॉकला नदीकाठी स्थायिक झाले. त्यांच्या मशिदी तेथे आजही उभ्या आहेत. परंतु नावावर खूश होऊन बसण्यात अर्थ नाही. काही थाई मुसलमानांना तर ‘खेक’ हा शब्द हिणवल्यासारखा वाटतो. व्यापाऱ्याने विचारायचा प्रश्न वेगळा आहे. नाव पाहुण्याचे राहिले आणि धंदा थाई कुटुंबांनी उभा केला, तो कशाच्या जोरावर?

पहिली गोष्ट मालाची. हे दुकानदार ‘नाम वा’ जातीचे, घट्ट गराचे केळे घेतात आणि तेही पुरते पिकण्याच्या आधी. फार पिकलेले केळे कढईत मोडते आणि तेल पिते. केळ्याचे उभे काप करतात. तांदळाचे पीठ, खवलेले खोबरे, नारळाचे दूध, पांढरे तीळ, साखर व मीठ यांचे पीठ भिजवतात. त्यात चुन्याची निवळी घालतात. पानाला लावतो तोच खाण्याचा चुना पाण्यात कालवायचा, खाली बसू द्यायचा आणि वरचे निवळ पाणी घ्यायचे. या पाण्याने भजे कुरकुरीत होते. यात महाग असे काहीच नाही. भांडवल लागते ते फळाची पारख आणि आचेचा अंदाज यांचे.

दुसरी गोष्ट शिस्तीची. एका गल्लीत इतके विक्रेते, तरी प्रत्येक दुकानाची माणसे आपापल्या रंगाचे एप्रन घालतात, म्हणजे गिऱ्हाइकाला दुकान ओळखता येते. आपल्याकडे शेजारच्याने भजीची गाडी लावली की आपण त्याच्या तीन गाड्या मोजतो आणि स्वतः पाच जिन्नस वाढवतो. कढई तीच, तेल तेच, चव कशालाच नाही. एकच जिन्नस मन लावून करणाऱ्याची गल्ली बाजारपेठ होते, हे नांग लोएंगने दाखवले आहे. मात्र सिग्नलला थांबलेल्या गाड्यांमध्ये शिरून पिशव्या विकण्याची त्यांची रीत घेण्यासारखी नाही. ती तिकडच्या वाहतूक कायद्यालाही मान्य नाही आणि जिवालाही धोका आहे.

तिसरी गोष्ट आपल्याशी थेट संबंधित आहे. खरेदीसाठी बँकॉकला जाणारे आपले व्यापारी ‘केळेच आहे, त्यात काय?’ म्हणून निर्धास्त खातात. केळे हलाल आहे. प्रश्न कढईचा आहे. तिकडे डुकराची चरबी स्वयंपाकात सर्रास वापरतात आणि एकाच तेलात सॉसेजही तळले जाऊ शकते. नाव ‘खेक’ असले म्हणून तेल हलाल ठरत नाही. थायलंडच्या मध्यवर्ती इस्लामी परिषदेचा हलाल शिक्का पाहावा. हातगाडीवर तो नसेल तर तेल कोणते, कढईत आणखी काय तळता, हे विचारावे. विचारण्यात संकोच कसला?

हाच नियम आम्ही आपल्या दुकानदारांना लावतो. दारावर ७८६ लिहिले म्हणजे तेल शुद्ध झाले असे नाही. आपल्या देशात १ जुलै २०१८ पासून तळणीच्या तेलातील ‘टोटल पोलर कंपाउंड’ची मर्यादा २५ टक्के आहे. त्यापुढे गेलेले तेल वापरता येत नाही, मग दुकान मोठे असो वा हातगाडी. रमजानमध्ये मगरिबच्या आधी आपल्या मोहल्ल्यात काळ्याभोर तेलात भजी तळली जातात आणि दिवसभराचा रोजेदार त्यावर रोजा सोडतो. ‘रोज तेल बदलले तर परवडत नाही’ असे दुकानदार म्हणतात. त्यांची अडचण खोटी नाही. पण त्याला उपाय आहे. कढई लहान ठेवा, चुरा गाळत राहा, जुन्यात नवे तेल ओतणे बंद करा आणि भज्यामागे थोडा भाव वाढवून त्याचे कारण फळ्यावर लिहा. गिऱ्हाईक समजून घेते.

कागदाचेही तसेच. थायलंडात रद्दीच्या पिशव्यांतून खाऊ देण्याची जुनी सवय आहे. रुग्णांचे कागद खाऊच्या पिशव्या होऊन बाजारात आले, म्हणून २०२५ मध्ये तेथील एका खाजगी रुग्णालयाला १२ लाख १० हजार बाहत दंड झाला. आपल्याकडे छापील कागदात खाद्यपदार्थ बांधू नयेत, असे अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२३ मध्ये पुन्हा बजावले, कारण शाई पोटात जाते. कोरा कागद फार महाग नाही.

जळगावकडच्या केळ्यांवर हा प्रयोग करू पाहणाऱ्यांना एक सूचना. आपले केळे मऊ गराचे आहे; ते कच्चटच घ्यावे आणि आधी थोडेच तळून पाहावे. केरळवाले यासाठी घट्ट गराचे नेंद्रन वापरतात, ते उगीच नव्हे.

पाहुण्याच्या नावाचा पदार्थ यजमानाने नावारूपाला आणला. आपले नाव तर आपल्याच पाटीवर आहे. ते राखायचे की घालवायचे, हे कढईतले तेल ठरवणार आहे.