तेलाचे व्याकरण

पेट्रोलचे भाव ‘वाढतात’ आणि तेलाचे साठे ‘संपतात’. ही दोन वाक्ये आपण इतक्यांदा वाचली आहेत, की त्यांत तपासण्याजोगे काही आहे असे भाषेच्या अभ्यासकांनाही वाटेनासे झाले आहे. आमच्या मते या दोन्ही वाक्यांचे व्याकरणच लबाड आहे.

प्रथम ‘साठा’. हा शब्द उच्चारताच डोळ्यांपुढे कणगी उभी राहते: धान्य मोजलेले, उपसावे तेवढे कमी होणारे. पण तेलाचा ‘सिद्ध साठा’ म्हणजे भूगर्भातील सगळे तेल नव्हे. सध्याच्या भावात आणि सध्याच्या तंत्राने जे काढणे परवडेल, तेवढेच त्यात धरतात. भाव चढला, की थेंबभर नवे तेल न सापडताही साठा फुगतो. १९८० च्या दशकाच्या मध्यावर कुवेतने आपल्या साठ्याचा आकडा एका फटक्यात एकतृतीयांशाहून अधिक वाढवला, तो काही तेवढे मोठे नवे क्षेत्र सापडले म्हणून नव्हे. ओपेकमध्ये उत्पादनाच्या वाटणीचा वाद तेव्हा चालू होता, एवढे सांगितले तरी पुरे. उलटपक्षी, अमेरिकेचे उत्पादन १९७० च्या सुमारास शिखर गाठील, हे किंग हबर्ट यांचे १९५६ चे भाकीत खरे ठरले. परंतु शेल खडकांतील तेलाने २०१८ मध्ये ते शिखरही मागे टाकले. कणगीचा तळ दिसला म्हणणारे आणि कणगी अक्षय आहे म्हणणारे, दोघेही एकाच प्रतिमेचे बळी आहेत.

आता ‘वाढतात’. हे क्रियापद अकर्मक. भाव जणू आपोआप वाढतात, वाढवणारा कोणी नसतोच. एप्रिल २०२० मध्ये मागणी कोसळून अमेरिकी कच्च्या तेलाचा वायदा शून्याखाली गेला. त्याच वर्षी मार्च आणि मे महिन्यांत केंद्र सरकारने पेट्रोलवरील उत्पादन शुल्क लिटरमागे एकूण १३ रुपयांनी वाढवले आणि स्वस्ताई ग्राहकापर्यंत पोचलीच नाही. मे २०२१ मध्ये मुंबईत पेट्रोलने शंभरी ओलांडली, तेव्हा आपण म्हणालो, भाव ‘भडकले’. वणव्याला कोण जबाबदार धरणार?

तेलावर कादंबरी का लिहिली जात नाही, हा प्रश्न अमिताव घोष यांनी १९९२ सालीच अब्दुल रहमान मुनीफ यांच्या कादंबऱ्यांच्या निमित्ताने उपस्थित केला होता. आम्ही मात्र वर्गात दुष्काळाच्या कवितेतील प्रत्येक प्रतिमा सोलून काढतो आणि बाहेर पडून पंपावर रांगेत उभे राहतो, तेव्हा समोरच्या फलकावरील आकड्याला निसर्गनियम मानतो. टीकाबुद्धी अशी वर्गाच्या दाराशी काढून ठेवायची वस्तू आहे काय?

साठा केव्हा संपेल, हा प्रश्नच चुकीचा आहे. ज्ञात असलेले सगळे तेल, वायू आणि कोळसा जाळला, तर पृथ्वीचे तापमान मर्यादेत राहणे अशक्य आहे. म्हणून प्रश्न असा विचारायला हवा: किती तेल जमिनीतच राहू द्यायचे, आणि ते ठरवणार कोण? या वाक्याला कर्ता आहे. तो लपवला जात असेल, तर शोधून काढणे हे आपलेच काम आहे.